चूक कुणाची ते राहू दे, माणूस गेला कशानं ते सांगा

माझा धाकटा मावसभाऊ जाऊन येत्या हंगामाला सहा वर्षं होतील. हंगाम म्हणजे उसाचा, आमच्याकडं वर्ष तसंच मोजतात. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कामावरून बाईकवर घरी येत होता, राज्य महामार्ग, सरळसोट रस्ता, पाऊस नाही धुकं नाही, आणि कडेला म्हणजे अर्धी डांबरावर उसानं भरलेली ट्रॉली उभी. ट्रॉली पंक्चर झालेली, ट्रॅक्टरवाला ती तिथंच सोडून पंक्चरवाल्याला आणायला गेलेला. मागं लाईट नाही, दगड नाही, फांदी नाही, काही नाही. सव्वीस वर्षांचा होता.

दहाव्या-तेराव्यापर्यंत घरी माणसं येत होती ना, तेव्हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, चूक कुणाची? निम्मे म्हणायचे ट्रॅक्टरवाल्याला सोडू नका. काहीजण आवाज खाली घेऊन म्हणायचे पोरगं पण जोरातच असणार हो, आणि ते मावशीला ऐकू जायचं. म्हातारी माणसं म्हणायची वेळ भरली होती, कुणाच्या हातात असतं का ते. पोलिसांच्या कागदावर कारणाच्या रकान्यात एकच शब्द आला, अतिवेग. विषय संपला.

माझ्यासाठी संपला नाही. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, गतीविषयक समीकरणं दरवर्षी फळ्यावर लिहिते, त्यामुळं एका रात्री झोप येईना म्हणून वहीच्या मागच्या पानावर ते गणित मांडून बसले. तो सत्तरच्या स्पीडनं होता असं धरलं, कारण मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं साधारण तेवढंच सांगितलं होतं. सत्तर म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. बाईकच्या डिपरचा उजेड कामाचा असा पडतो चाळीस मीटरपर्यंत, आणि समोरून कुणी अप्पर लावून येत असेल तर तेवढाही नाही. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, हे माझं तुमचं सगळ्यांचं सारखंच, त्यात हुशारी चालत नाही. त्या दीड सेकंदात गेले एकोणतीस मीटर. उरले अकरा. अकरा मीटरमध्ये कितीही जोरात ब्रेक दाबला तरी तो ट्रॉलीवर आदळला तेव्हा स्पीड पंचावन्नच्या आसपास असणार.

मग मी तेच गणित पन्नासच्या स्पीडनं केलं. पन्नासला सगळं मिळून सदतीस मीटरमध्ये गाडी थांबते. तीन मीटर राखून थांबला असता.

आणि मग तिसऱ्यांदा केलं, स्पीड परत सत्तर, पण ट्रॉलीला मागं चमकणारी लाल पट्टी असती तर. ती पट्टी हेडलाईटमध्ये दीडशे मीटरवरून दिसते. थांबायला लागतात साठ मीटर. तेव्हापण वाचला असता, ते सुद्धा सत्तरच्या स्पीडनं!

म्हणजे अतिवेग हे उत्तर चुकीचं नाही, पण ते एकटं उत्तर नाही, आणि आपण मात्र एक उत्तर मिळालं की वही मिटतो. मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं की अपघात का झाला हा एक प्रश्न आहे आणि माणूस का मेला हा दुसरा, आणि आपण आयुष्यभर फक्त पहिला विचारत आलोय.

बाईक पोलिस स्टेशनमधून सोडवून आणली तेव्हा हेल्मेट हँडलला तसंच अडकवलेलं होतं. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर. डोकं ट्रॉलीच्या फाळक्याच्या लोखंडी कडेवर आपटलं होतं. बाकी अंगावर फार काही नव्हतं, एक मनगट मोडलं होतं आणि गुडघा खरचटलेला. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही.

तेव्हापासून मी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अपघातांचा वार्षिक अहवाल वाचते. कोरडा असतो, नुसते तक्ते, पण एकदा वाचायची सवय लागली की तक्त्यातनं माणसं दिसायला लागतात. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले आणि त्यात १,६८,४९१ माणसं गेली. २०२३ ला १,७२,८९०. म्हणजे दिवसाला चारशे सत्तरच्या वर. जुन्या लाल एसटीत चव्वेचाळीस सीटं असायची, तशा दहा-अकरा भरलेल्या गाड्या रोज, रविवारी पण, दिवाळीला पण. एकट्या महाराष्ट्रात २०२२ ला १५,२२४ गेले, देशात उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूनंतर आपलाच नंबर. आणि देशभरात गेलेल्यांतले दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयाचे, म्हणजे ज्यांच्यावर घर चालतं ते.

पण मला सगळ्यात जास्त टोचलेला आकडा वेगळा आहे. दर शंभर अपघातांमागं आपल्याकडं छत्तीसच्या वर माणसं मरतात. किरकोळ धडका कुणी नोंदवत नाही म्हणून तो आकडा थोडा फुगतो हे मान्य, पण तरी. धडक झाली म्हणजे माणूस जायलाच पाहिजे असं कुठंय? माणूस चुकणार, पेंगणार, दचकणार, घाईत असणार, समोर कुत्रं आलं म्हणून हँडल वळवणार, हे कायमच राहणार. त्या चुकीची शिक्षा हात मोडणं का मरण, हे ठरतं दुसऱ्याच गोष्टींवर.

आता तो अतिवेगाचा रकाना बघा. २०२२ च्या एकूण मृत्यूंपैकी ७१.२ टक्के अतिवेगाच्या नावावर आहेत. दारू अडीच टक्क्यांच्या आसपास, मोबाईल दोन टक्क्यांच्या आसपास. तुम्हाला पटतं का हे? मला नाही पटत. रोज शाळेत जाताना मी मान वाकडी करून खांद्यात फोन धरलेले दहा तरी बाईकवाले बघते. माझं मत असं आहे की दारू आणि मोबाईल रकान्यात येत नाहीत कारण ते सिद्ध करावं लागतं, रक्त वेळेत घ्यावं लागतं, फोनचे रेकॉर्ड काढावे लागतात, आणि गाडी चालवणारा डुलकी लागून गेला असेल तर ते सांगायला तोच नसतो. अतिवेग लिहायला मात्र काहीच लागत नाही, चेपलेली गाडी बघितली की झालं. रात्री अकराला पोचलेला, दिवसभर बंदोबस्त करून आलेला हवालदार काय करणार, त्याला स्पीड मोजायला कुठलं साधन दिलंय का कुणी? मी त्या माणसाला दोष देत नाही. पण त्या एका शब्दाखाली तुटलेला डिव्हायडर, विझलेला दिवा, उभी ट्रॉली, झोप, सगळं पुरलं जातं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परत तेच.

स्पीड कमी महत्त्वाचा आहे असं कुणी समजू नका हं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या धडकेचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. पोरांना मी हेच सांगते, गतिज ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग आहे, वर्ग. चाळीसचे ऐंशी केलेस तर धडक दुप्पट नाही, चौपट बसते. आणि वेग चालवणाऱ्यापेक्षा जास्त मारतो ते चालत जाणाऱ्याला. पन्नासच्या गाडीनं उडवलेला माणूस आणि पासष्टच्या गाडीनं उडवलेला, फरक फक्त पंधराचा, पण मरण्याची शक्यता साडेचार पट होते. स्पीड पंधरानं वाढवून आपण घरी किती मिनिटं आधी पोचतो?

दुसरं म्हणजे हे सगळं होतं कुठं. आपण समजतो घाटात, वळणावर, पावसात. तर तसं नाही, दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर होतात आणि जवळपास तीन चतुर्थांश स्वच्छ हवामानात. सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. सरळ रस्ता, कोरडी हवा, दिवेलागणीनंतरची वेळ, म्हणजे अहवालातलं ते पान मी वाचलं आणि मला वाटलं की हे आमच्याच घरचं लिहिलंय.

हेल्मेटवर मी थोडं जास्त लिहिणार आहे, वाचणाऱ्यानं वाचावं. २०२२ ला हेल्मेट नसताना गेलेले ५०,०२९. त्यात १४,३३७ मागं बसलेले. मागं बसलेले म्हणजे कोण, बायका, म्हाताऱ्या आया, शाळेची पोरं. दुचाकीवर गेलेले एकूण पाऊण लाखाच्या घरात, देशातल्या सगळ्या रस्ते-मृत्यूंपैकी ४४.५ टक्के. आणि नीट घातलेलं हेल्मेट मरणाचा धोका सहा पटीहून जास्त कमी करतं असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. यातला "नीट" हा शब्द बघा. मी सिग्नलला उभी राहिले की आजूबाजूला बघत असते, निम्म्यांचा पट्टा लोंबकळत असतो, काहींचं हेल्मेट आरशाला, काहींचं कोपरात, बायका तर गाठोड्यासारखं पायाशी ठेवतात आणि चौकात पोलिस दिसला की डोक्यावर. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीलाच उडून जातं, डोकं रस्त्याला लागायच्या आधी. आणि रस्त्याच्या कडेला दोनशे-अडीचशेला मिळणारं प्लॅस्टिकचं टोपडं, त्याच्या आत बोट दाबून बघा, आत घट्ट थर्माकोलसारखा जाड थर आहे का. तो थर चेपतो म्हणून मेंदूला धक्का कमी बसतो, काम तोच करतो, बाहेरचं कवच नाही. थर नाही म्हणजे ते हेल्मेटच नाही.

माझी आई अजून म्हणते केस खराब होतात, मान दुखते, आपण कुठं लांब जातोय, कोपऱ्यावर तर जायचंय. मी पण आधी तसंच म्हणायचे. भावाचा अपघात घरापासून तीन किलोमीटरवर झाला.

चारचाकीत हीच गोष्ट मागच्या सीटची. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते सगळ्यांना आठवत असेल. गाडीत चौघं. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले, मागं बसलेले दोघं गेले, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता. गाडी महागातली, एअरबॅग सगळ्या. तिथं तीन लेनचा रस्ता पुलावर येऊन दोन लेनचा होतो, कठडा पुढं आलेला, हेपण नंतर तपासात निघालं. चुकीची चर्चा खूप झाली. पण एकाच गाडीत, एकाच धडकेत, पुढचे वाचतात आणि मागचे जातात यातनं जे कळायला पाहिजे ते किती घरांत पोचलं? मागच्यांनी बेल्ट लावणं कायद्यानं पण सक्तीचं आहे, न लावल्यास हजार रुपये दंड, तरी लग्नाला निघालेल्या कुठल्याही गाडीत डोकावून बघा, मागचे बेल्ट सीटकव्हरच्या खाली दाबून टाकलेले असतात, कारण ते टोचतात. ऐंशीच्या स्पीडला बेल्ट नसलेला मागचा माणूस त्याच ऐंशीच्या स्पीडनं पुढच्या सीटवर जाऊन आदळतो, म्हणजे बेल्ट लावून बसलेल्या पुढच्या माणसालाही तो धोक्यात घालतो. मांडीवर घेतलेलं बाळ तर हातात राहूच शकत नाही, आईची माया कितीही असू दे.

आणि १ जुलै २०२३ ची पहाट. समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस रात्री दीडच्या सुमारास धडकून उलटली. बसमध्ये तेहतीस जण होते, पंचवीस गेले. बस दरवाजाच्या अंगावर पडली त्यामुळं दरवाजा बंद झाला आणि मग आग लागली. वाचले ते काचा फोडून बाहेर आलेले. तेव्हा टीव्हीवर चार दिवस हेच चाललं होतं की टायर फुटला का ड्रायव्हरला झोप लागली, झोप का टायर, टायर का झोप. मला वाटत होतं अरे पण ती माणसं धडकेनं गेली नाहीत ना, बाहेर पडता आलं नाही म्हणून गेली! मागचा संकटकालीन दरवाजा, काच फोडायचा हातोडा, यावर कुणी दोन मिनिटं बोलावं की नाही. तेव्हापासून स्लीपर बसमध्ये चढले की मी आधी हातोडा कुठंय ते बघते. बरेचदा नुसती खुंटी असते, हातोडा नसतो. एकदा कंडक्टरला विचारलं तर म्हणाला ताई चोरी होतात म्हणून आम्ही काढून केबिनमध्ये ठेवतो.

महामार्गांचं अजून एक आहे जे आमच्यासारख्या रस्त्याकडेच्या गावांना रोज दिसतं. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन-अडीच टक्के, आणि त्यांच्यावर २०२२ ला ३६ टक्के मृत्यू झाले, ६१,०३८. रस्ता चौपदरी झाला की आपण पेढे वाटतो, मी पण खाल्लेत. पण गावाची शाळा एका बाजूला राहते आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, भुयारी मार्ग असतो एक किलोमीटर पुढं आणि त्यात पावसाळाभर गुडघाभर पाणी. मग म्हातारं माणूस काय करणार, डिव्हायडरवर पाय देऊन ओलांडणार. एखादा हॉटेलवाला नाहीतर पंपवाला रात्रीत डिव्हायडर फोडून वाट करतो आणि महिन्याभरात ती अधिकृत असल्यासारखी सगळे वापरतात. यू-टर्न तीन किलोमीटरवर ठेवला की दूधवाला राँग साईडनंच येणार, त्याला बेशिस्त म्हणून मोकळं होता येतं, पण तो रोज सहा किलोमीटरचं पेट्रोल कुठनं आणणार याचा विचार नकाशा काढताना करायला पाहिजे होता. २०२२ मध्ये ३२,८२५ पायी चालणारे गेले. त्यांच्याकडं लायसन नाही, गाडी नाही, ते फक्त रस्ता ओलांडत होते.

आमच्या तालुक्यात एक वळण आहे, तिथं "काहीतरी आहे" असं लोक म्हणतात. लहानपणापासून ऐकतेय, ती जागा माणूस घेते. अमावास्येला तिथं नारळ फुटतात, लिंबं पडलेली असतात, कुणीतरी शेंदूर लावलेला दगड पण बसवलाय, येता-जाता ड्रायव्हर हॉर्न वाजवून नमस्कार करतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, मावशीनं पण तिथं नारळ वाहिलाय. पण सरकारी भाषेत अशा जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात आणि त्याची व्याख्या ठरलेली आहे, साधारण पाचशे मीटरचा पट्टा, तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले पाच अपघात, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू. ते वळण मी दोन-तीनदा पायी चालून बघितलं. उतारावरून आलं की वळणाच्या आतल्या अंगाला घाणेरी आणि वेड्या बाभळी माजल्यात, समोरचं दिसतच नाही, आणि रस्ता ज्या बाजूला कलायला पाहिजे त्याच्या उलट कललाय, वळणावर बाहेरची बाजू उचललेली पाहिजे ती खाली बसलीय. सायकलवाला पोरगा सुद्धा सांगेल की तिथं गाडी बाहेर फेकली जाते. बाभळी तोडायला कोयता लागतो. मागच्या वर्षी ग्रामपंचायतीतून आणि वरच्या ऑफिसला दोन अर्ज दिले, फोटो जोडले, बाभळी तोडल्या गेल्या, उताराचं काम अजून व्हायचंय. दगडावरचा शेंदूर ताजा आहे.

आणि मग शेवटची गोष्ट, ज्याच्यावर लिहायला मला सगळ्यात जड जातं. भाऊ जागच्या जागी गेला नव्हता. टेम्पोवाला थांबला, अजून चार-पाच जण थांबले, पण उचलायचा का नाही यातच वेळ गेला. पोलिस केस होईल, साक्षीला बोलवतील, दवाखान्यात आपल्यालाच पैसे भरायला लावतील, ही भीती. वाईट माणसं नव्हती ती. त्यातल्या एकानं नंतर घरी येऊन मावशीचे पाय धरले, म्हणाला मी हात लावायला घाबरलो. अर्ध्या-पाऊण तासानं जीपमध्ये घातलं, पहिल्या दवाखान्यानं हात वर केले, जिल्ह्याला न्या म्हणाले, तिथं पोचेपर्यंत दोन तास झाले होते.

त्या माणसाला माहीत नव्हतं, मला पण नव्हतं, म्हणून इथं लिहिते. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं. जखमीला दवाखान्यात पोचवलंत तर तुमच्यावर केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती कुणी करू शकत नाही, साक्षीदार व्हायचं का नाही ते तुमच्या मर्जीवर, दवाखाना तुमच्याकडं पैसे मागू शकत नाही. आणि मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे, अपघात झाल्यापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या दवाखान्यांत, जखमी कुणी का असेना. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला पंचवीस हजार रुपये बक्षीस पण आहे. बक्षिसासाठी कुणी थांबेल असं मला वाटत नाही, पण घाबरून थांबलेला हात पुढं यावा म्हणून हे चारचौघांत बोललं पाहिजे, कीर्तनात, गणपतीच्या मंडपात, बचत गटात. १०८ ला फोन करा. मान वाकवू नका, पाणी पाजू नका, रक्त येतंय तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. रस्त्यावर आपल्याकडं अजून तोंडात पाणी घालायची घाई असते आणि बेशुद्ध माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं.

हे सगळं बदलत नाही असं म्हणणाऱ्यांना मी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं सांगते. २०१६ साली त्या चौऱ्याण्णव-पंचाण्णव किलोमीटरमध्ये १५१ माणसं गेली होती. मग तिथं एका संस्थेनं आणि रस्ते विकास महामंडळानं मिळून एकेक मृत्यू घेऊन तो माणूस कशावर आदळला, गाडी कशात घुसली, मदत किती मिनिटांनी आली ते तपासलं. निघालं काय, तर कडेला उभे असलेले ट्रक आणि संरक्षण नसलेले सिमेंटचे खांब, कठडे हे मोठे मारेकरी. खांबांपुढं क्रॅश बॅरियर टाकले, उभे ट्रक हटवायला गस्त लावली, अँब्युलन्स जवळ आणल्या. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. ड्रायव्हर तेच होते, आपलेच, घाईतले. म्हणजे माणसं सुधारायची वाट न बघता मरणं कमी करता आली. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारलं होतं, की माणूस चुकणारच, रस्ता असा पाहिजे की चुकीला मरण मिळू नये.

माझ्या हातात रस्ता नाही. मी, माझे मिस्टर, भावाचे तीन मित्र आणि शाळेतले शिपाई मामा, आम्ही गेली चार वर्षं हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर लागतात तिथं जाऊन ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर पट्ट्या चिकटवतो. पहिल्या वर्षी फाळक्यावर अगदी वर, मोठ्या पट्ट्या लावल्या, फोटो काढले, खूप बरं वाटलं. आठवड्यानं रात्री त्याच रस्त्यानं येत होतो तर पुढं ट्रॉली काळीकुट्ट, गाण्याचा आवाज येतोय पण दिसत काही नाही. जवळ गेल्यावर बघितलं तर पट्टी होती, पण उसाची मोळी आणि वाढं मागं फूटभर लोंबत होतं, पट्टी सगळी झाकलेली. मिस्टर म्हणाले रिकाम्या ट्रॉलीवर लावून चालणार नाही.

ट्रॅक्टरवाला बीडकडचा होता, विशीतला पोरगा, बायको आणि लहान लेकरू ट्रॅक्टरवरच बसलेलं. त्यानंच तोडगा सांगितला. म्हणाला मॅडम, पट्टी लोखंडाला नका लावू, कापडाला शिवून द्या, भरून झालं की आम्ही वरनं मोळीला बांधतो, उतरवताना सोडतो. आता मावशी शिवते त्या. गोणपाटावर तीन आडव्या पट्ट्या, चार कोपऱ्यांना सुतळी. गेल्या हंगामात एकशे चाळीस झाल्या. या वर्षी पट्ट्यांचा रोल महाग झालाय आणि मावशीच्या मशीनची मोटर जळलीय, ती मी शनिवारी दुरुस्तीला टाकणार आहे.